दुसऱ्याच्या घरासाठी लिहिलेलं फर्मवेअर

रात्री डिशच्या रेकॉर्डर बॉक्सवर सह्याद्री वाहिनीवरचं नाटक रेकॉर्डला लावलेलं असतं. सकाळी यादीत नाव दिसतं, पण फाइल रिकामी निघते. कधी फाइल भरलेली असते, पण आत भलताच कार्यक्रम. कधी बॉक्सच सुरू होता होता मध्येच बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत राहतो. रेकॉर्डरवर बाहेरचं फर्मवेअर, म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्यांनी लिहिलेलं आतलं सॉफ्टवेअर, असलं की अशा वेळी सगळा संशय त्याच्यावर जातो आणि इलाजही एकच केला जातो: पेन ड्राइव्हवर नवी इमेज, म्हणजे फर्मवेअरची तयार फाइल, घ्यायची आणि बॉक्स पुन्हा फ्लॅश करायचा, म्हणजे जुनं पुसून ती चढवायची. चॅनेल परत दिसू लागतात, घरातल्यांना हायसं वाटतं. दुखणं मात्र होतं तिथंच असतं, आणि ते कशामुळे झालं हे सांगणाऱ्या नोंदी फ्लॅश करताना पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून आधी वाचावं, मग पुसावं.

इथं बोलतोय ते एनिग्मा-२ या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बॉक्सबद्दल: ड्रीमबॉक्स, व्ह्यू प्लस, झेडजेम्मा आणि त्यांची भावंडं, त्यांवर ओपनपीएलआय, ओपनएटीव्ही किंवा ओपनविक्स यांपैकी एखादी इमेज. आत साधं लिनक्स असतं. गाभा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, मेनू आणि प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) पायथनमध्ये. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात असा बॉक्स बहुधा डीडी फ्री डिशच्या डिशला जोडलेला असतो. एकाच डिशवर सह्याद्री आणि चंदना दोन्ही फुकट मिळतात. ज्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही ऐकलं जातं त्याला याहून सोयीचं काही नाही. पैसे भरून घ्यायच्या वाहिन्या चोरून उघडणं हा इथला विषय नव्हे. ते बेकायदा आहे, आणि बॉक्स अस्थिर होण्याच्या कारणांत त्यासाठी टाकलेल्या प्लगइनचा नंबर वरचा लागतो.

ही फर्मवेअरं मुख्यतः युरोपातल्या स्वयंसेवकांनी, तिथली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. त्यामुळे काही गोष्टी त्यांत न सांगता गृहीत धरलेल्या आहेत. लाईट जात नाही. उपग्रहावरून येणारी वेळ बरोबर असते. कार्यक्रमांची पत्रिका सिग्नलबरोबर आठवडाभराची येते. वाहिनी वर्षानुवर्षं आपली जागा सोडत नाही. आपल्याकडे यातलं एकही धरून चालता येत नाही, आणि बॉक्सची बहुतेक दुखणी नेमकी याच फटींतून आत येतात. बॉक्स सांगितलेलं काम चोख करत असतो. त्याला सांगितलेलं दुसऱ्याच्या घरचं असतं.

सुरुवात विजेपासून करावी, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथंच सापडतं. ‘लाईट आली खरं बॉक्स काय उठंना’ ही पावसाळ्यात गावोगाव ऐकू येणारी तक्रार. बॉक्स उठत नसेल, किंवा लोगोपर्यंत येऊन परत फिरत असेल, तर पेन ड्राइव्ह शोधण्याआधी मागची सगळी वायर काढा. डिशची केबल काढा, हार्ड डिस्क काढा, लॅन काढा. फक्त ॲडॉप्टर आणि टीव्हीची वायर ठेवून बॉक्स सुरू करा. आता नीट सुरू झाला तर फर्मवेअर शाबूत आहे. मग एकेक वायर परत जोडत जायचं. डिशची केबल लावताच बॉक्स कोसळला तर एफ कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या पेचाच्या जोडात, पाणी शिरलंय किंवा केबलची जाळी मधल्या तारेला टेकलीय. एलएनबीला, म्हणजे डिशसमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा याच केबलमधून जातो. तो शॉर्ट झाला की बॉक्सची ताकद तिकडेच संपते. डिस्क लावताच कोसळला तर पुरवठा कमी पडतोय.

बहुतेक बॉक्सना १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो, दीड ते तीन अँपिअरचा. मीटरनं मोजताना ॲडॉप्टर मोकळा धरून मोजू नये. मोकळा असताना म्हातारा ॲडॉप्टरही १२.१ दाखवतो. बॉक्स सुरू होत असताना, डिस्क फिरायला लागते त्या क्षणी मोजावं. तिथं आकडा साडेअकराच्या खाली घसरला तर ॲडॉप्टर संपला. उघडून पाहिलं तर आउटपुटचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला दिसतो. तो बदलता येतो: तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, निदान १६ व्होल्टचा, १०५ अंशांचा, लो ईएसआर प्रकारचा. सोल्डरिंगचा हात नसेल तर नवा ॲडॉप्टर घ्यावा. व्होल्ट तितकेच, अँपिअर तितके किंवा जास्त, आणि पिनच्या मधला बिंदू पॉझिटिव्ह आहे ना हे छापलेल्या खुणेवरून बघून.

यूएसबीवरची अडीच इंची डिस्क हा वेगळा मामला. फिरायला सुरुवात करताना ती एक अँपिअरच्या आसपास ओढते. यूएसबी २.० च्या पोर्टकडून नियमानं ५०० मिलीअँपिअर आणि ३.० कडून ९०० मिळतात. कडेवर चाललेलं हे गणित कधी जुळतं, कधी नाही. म्हणून डिस्क कधी दिसते, कधी गायब होते, आणि मालकाला वाटतं फर्मवेअर लहरी आहे. संगणकावरून टेलनेट किंवा एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून कमांड द्यायच्या वाटेनं, बॉक्समध्ये शिरून डीमेसेज ही कमांड दिली की खरं काय ते कळतं. यूएसबी उपकरण वारंवार रिसेट होतंय, ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ असं म्हणून पुढे उणे ७१ किंवा उणे ११० असा एरर दिसतोय, म्हणजे पुरवठा किंवा वायर. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब लावा, वायर आखूड घ्या. यावर दुसरा उपाय नाही.

लाईट जाण्यावर मात्र एक स्वस्त आणि चांगला उपाय निघालाय: राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. बॉक्सच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले अँपिअर यूपीएसच्या आउटपुटच्या आत बसत असतील तर तो थेट बॉक्सला लावता येतो. आत साडेतीन इंची डिस्क असेल तर पुरत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जाताना पडणारा खंड लांब असतो आणि तेवढ्यात कमजोर ॲडॉप्टर मान टाकतो. घरातले दिवे तर नुसते लुकलुकतात, त्यामुळे ‘लाईट गेलीच नव्हती’ असं सगळे शपथेवर सांगतात. बॉक्स मात्र त्या लुकलुकीत पुन्हा सुरू झालेला असतो. अपटाइम ही कमांड विचारा, कधीपासून जागा आहे ते तो सांगतो.

यातूनच निघालेला एक सल्ला: आपल्याकडे बॉक्स डीप स्टँडबायमध्ये ठेवू नये. डीप स्टँडबायमध्ये मुख्य प्रोसेसर बंद असतो आणि पुढच्या पॅनेलचा छोटा प्रोसेसर टायमरच्या काही मिनिटं आधी त्याला उठवतो. ती उठवायची वेळ त्या छोट्या प्रोसेसरच्या स्मरणात असते. मध्ये लाईट गेली की अनेक मॉडेलमध्ये ती पुसली जाते, मग उठवणार कोण? साध्या स्टँडबायमध्ये वीज थोडी जास्त जाते, पण लाईट परत आल्यावर बॉक्स सुरू होतो आणि टायमर पुन्हा वाचतो. रेकॉर्डिंगसाठीच बॉक्स घेतला असेल तर तेवढी वीज जाऊ द्यावी.

आता घड्याळ. या सगळ्या प्रकरणात माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारी आणि नीट पाहिलं तर सर्वांत बोलकी जागा ही.

यातल्या बऱ्याच बॉक्समध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की वेळ गेली. परत सुरू होताना त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० असतं. २००४ च्या आधीची वेळ दिसली तर ती खरी मानू नये अशी तजवीज एनिग्मामध्ये आहे, म्हणून खरी वेळ हाती येईपर्यंत तो टायमरना हात लावत नाही. खरी वेळ त्याला दोन ठिकाणांहून मिळते: उपग्रहाच्या ट्रान्सपाँडरवरून (एका फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या पाठवणारा त्याचा प्रक्षेपक) किंवा इंटरनेटवरून एनटीपी या वेळ जुळवण्याच्या सोयीनं. ट्रान्सपाँडरची वेळ युरोपात भरवशाची. आपल्याकडे एखादा ट्रान्सपाँडर चुकीची वेळ पाठवत असेल तर त्यावरची वाहिनी लावताच बॉक्सचं घड्याळ उडी मारतं, आणि कुणीतरी सहज चॅनेल बदलल्यामुळे रात्रीचं रेकॉर्डिंग बिघडतं. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये वेळ कशावरून जुळवायची हा पर्याय असतो. तिथं एनटीपी निवडावं. आणि राउटरही त्याच मिनी यूपीएसच्या आसऱ्याला आणावा, नाहीतर लाईट आल्यावर बॉक्स उठतो, नेट उठलेलं नसतं, आणि वेळेचा प्रश्न तसाच राहतो.

चूक किती तासांची आहे हे नीट मोजलं तर कारण आपोआप हाती लागतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर बॉक्स जागतिक वेळेवर चाललाय, त्याला टाइम झोन सांगितलेलाच नाही. हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असेल तर बॉक्स ॲमस्टरडॅम किंवा बर्लिनच्या वेळेवर आहे, म्हणजे फ्लॅश केल्यावर मूळ युरोपी सेटिंग तसंच राहिलंय. तिथं उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात म्हणून फरक बदलतो. ‘मार्चपर्यंत चुकीचं होतं, आता वेगळंच चुकीचं झालंय’ असं कुणी सांगितलं तर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवा. तो अगदी खरं सांगतोय. पाच-दहा मिनिटांचाच फरक असेल तर टाइम झोन ठीक आहे, ट्रान्सपाँडरची वेळ चुकीची असणार किंवा वाहिनीनं कार्यक्रम मागे-पुढे केलेला असणार.

टाइम झोन कोलकात्याचा केला आणि तरी जुने टायमर चुकतच राहिले, अशी तक्रार हमखास येते. त्याचं कारण टायमरच्या फाइलमध्ये दिसतं. ती ईटीसी फोल्डरातल्या एनिग्मा-२ या फोल्डरात टायमर्स डॉट एक्सएमएल नावानं असते. उघडली तर आत ‘संध्याकाळी ७’ असं कुठंच लिहिलेलं नसतं. ‘बिगिन’च्या पुढे दहा आकडी संख्या असते: १ जानेवारी १९७० पासून जागतिक वेळेनं किती सेकंद झाले ते. बॉक्स बर्लिनच्या वेळेवर असताना हिवाळ्यात ७ वाजताचा टायमर लावला, तर ती संख्या आपल्याकडच्या रात्रीच्या साडेअकराची असते. टाइम झोन दुरुस्त केल्यावर यादीत तो टायमर ११.३० असा दिसायला लागतो आणि माणूस आणखी गोंधळतो. तो बरोबरच दाखवतोय. ते टायमर काढून नव्यानं लावायचे. त्याच ओळीत ‘रिपीटेड’ असतं. तिथं ३१ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, १२७ म्हणजे रोज. सोमवारला १, मंगळवारला २, बुधवारला ४, असं दुप्पट करत जाऊन बेरीज केलेली असते. आठवड्याच्या मालिकेचा एखादाच वार चुकत असेल तर मेनूत शोधण्यापेक्षा इथं लवकर दिसतं.

कार्यक्रम-पत्रिकेच्या भरवशावर टायमर लावू नये. फ्री डिशवर ती अनेक वाहिन्यांची अपुरी असते. हातानं वेळ घालावी, आधी ५ आणि नंतर १५ मिनिटं वाढवून. पत्रिकेत देवनागरी किंवा कानडी अक्षरांच्या जागी चौकटी दिसत असतील तर तो बिघाड नाही, स्किनच्या, म्हणजे मेनूच्या सजावटीच्या, फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत इतकंच. फॉन्ट बदलला की चौकटी जातात. जोडाक्षरं नीट जुळतीलच असं मात्र नाही.

आता डिस्क. ‘फाइल शून्य बाइटची’ आणि ‘बॉक्स अचानक पहिल्या दिवसासारखा भाषा विचारायला लागला’ या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण पुष्कळदा एकाच गोष्टीची दोन टोकं असतात. एनिग्मा रेकॉर्डिंग ठेवतो मीडिया फोल्डराच्या एचडीडी या जागी, मूव्ही नावाच्या फोल्डरात. एचडीडी ही जागा म्हणजे एक दार. डिस्क जोडली गेली असेल तर त्या दारामागे डिस्क असते. लाईट गेल्यानंतर डिस्कची फाइल सिस्टीम बिघडली, किंवा डिस्क उशिरा उठली, तर ती त्या दाराला जोडली जात नाही. पण दार तिथंच असतं, आणि काही इमेजमध्ये त्यामागे बॉक्सची स्वतःची छोटी फ्लॅश मेमरी असते. टायमरची वेळ झाली की बॉक्स निमूट त्या फ्लॅशमध्ये रेकॉर्ड करायला लागतो. जुन्या बॉक्सची फ्लॅश २५६ किंवा ५१२ मेगाबाइटची. ती बघता बघता भरते. रेकॉर्डिंग थांबतं. इतकंच झालं असतं तर चाललं असतं. पण बॉक्स बंद होताना आपलं सेटिंग त्याच फ्लॅशवर लिहितो, जागा नसते, आणि सेटिंगची फाइल शून्य बाइटची होऊन बसते. पुढच्या वेळी सुरू होताना त्याला काहीच आठवत नाही आणि तो नव्या बॉक्ससारखा भाषा विचारतो.

हे ओळखायला टेलनेट किंवा एसएसएचनं आत शिरून डीएफ ही कमांड उणे एच जोडून द्यायची. निरोगी बॉक्समध्ये एचडीडीची वेगळी ओळ दिसते. ५०० जीबीची डिस्क तिथं ४६५ जी च्या आसपास दाखवते. ती ओळच नसेल आणि मुळाची, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेची, ओळ १०० टक्के दाखवत असेल तर प्रकार हाच. आधी खात्री करा की डिस्क खरंच जोडलेली नाही, डिस्कची वायरच काढून ठेवली तर उत्तम, आणि मगच मूव्ही फोल्डरातल्या फाइली काढा. उलट्या क्रमानं केलंत तर खरी रेकॉर्डिंग उडतील. याचीच एक लपलेली आवृत्ती आहे: फ्लॅशमध्ये रेकॉर्डिंग झालेलं असतं, नंतर डिस्क नीट जोडली जाते, आणि फ्लॅशमधल्या फाइली डिस्कच्या आड झाकल्या जातात. डीएफ म्हणतं फ्लॅश भरलीय, शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. इनिट ४ देऊन एनिग्मा थांबवा, डिस्क अनमाउंट करा, म्हणजे त्या दारापासून सोडवा, आणि मग त्याच फोल्डरात बघा. फाइल तिथं बसलेली असते.

डिस्क ईएक्सटी-४ मध्येच फॉरमॅट केलेली असावी, आणि ती बॉक्सच्या मेनूतूनच करावी. पेन ड्राइव्हसारखी एफएटी-३२ ठेवली तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा येते. एमपीईजी-२ ची साधी वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिटनं येत असेल तर तासाला १.३५ जीबी होतात, म्हणजे तीन तास दहा मिनिटांच्या सुमारास रेकॉर्डिंग अडतं किंवा त्याचे तुकडे पडतात. एखाद्याची लांबलचक मैफल दर वेळी साधारण त्याच मिनिटाला तुटत असेल तर फॉरमॅट विचारा. ईएक्सटी-४ च्या ५०० जीबीत त्याच हिशेबानं साडेतीनशे तासांवर मावतं. वीज गेल्यानंतर डिस्क जोडली जात नसेल तर इनिट ४ देऊन, डिस्क अनमाउंट असताना, ई-टू-एफएससीके उणे एफ चालवा. जोडलेल्या डिस्कवर ते कधीही चालवू नये. दुरुस्तीच्या नावाखाली नासाडी होते.

वाहिन्यांची जागा बदलणं हा फ्री डिशचा स्वभाव. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली ही सेवा आज ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येते. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे विशेषतः १ एप्रिलच्या सुमाराला यादी ढवळून निघते. एनिग्माच्या टायमरमध्ये वाहिनीचं नाव हा नुसता शोभेचा भाग असतो. खरा पत्ता असतो तो सर्व्हिस रेफरन्स: त्यात सर्व्हिस क्रमांक, ट्रान्सपाँडरचा क्रमांक आणि उपग्रहाची जागा असते. ९३.५ म्हणजे ९३५. सोळाच्या पायाच्या (हेक्साडेसिमल) संख्यापद्धतीत ते ३ए७ होतं, म्हणून आपल्या डिशवरच्या सगळ्या पत्त्यांत ३ए७ दिसायला हवं. वाहिनी हलली की नवा स्कॅन करून ती पडद्यावर दिसते, पण टायमर जुन्याच पत्त्यावर जातो. मग फाइल रिकामी, किंवा त्या जागी आलेल्या नव्या वाहिनीचा कार्यक्रम जुन्या नावानं. स्कॅननंतर टायमर आणि आवडत्यांची यादी दोन्ही नव्यानं भरली पाहिजेत.

पडद्यावर येणारा संदेश शब्दशः लिहून घ्यावा. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ‘ट्यून फेल्ड’ म्हणजे सिग्नलच नाही: डिश, एलएनबी, केबल किंवा ट्यूनरचं सेटिंग. ‘एसआयडी नॉट फाउंड इन पीएटी’ म्हणजे सिग्नल उत्तम आहे, ट्रान्सपाँडर सापडला, पण ही वाहिनी आता तिथं राहत नाही. ‘नो फ्री ट्यूनर’ म्हणजे दुसरं रेकॉर्डिंग चालू आहे आणि ट्यूनर अडकलाय. पहिल्यात गच्चीवर जावं लागतं, दुसऱ्यात स्कॅन करावा लागतो, तिसऱ्यात काहीच करायचं नसतं. तिन्हींसाठी फ्लॅश करणारे लोक आहेत, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिलं.

ट्यूनरच्या सेटिंगमध्ये एलएनबी युनिव्हर्सल ठेवा. ११०९० मेगाहर्ट्झचा, व्हर्टिकल, २९५०० सिम्बॉल रेटचा ट्रान्सपाँडर घ्या: एलएनबी त्यातून ९७५० वजा करून सिग्नल खाली पाठवतो, म्हणजे १३४० उरतात, आणि ट्यूनर ९५० ते २१५० मध्ये ऐकतो, म्हणून तो सापडतो. कुणी दुसऱ्या सेवेच्या सवयीनं नुसतं १०६०० घातलं तर ४९० उरतात. तिथं ट्यूनरला कानच नाहीत. डिश कितीही हलवा, काही मिळणार नाही. बेळगावातून हा उपग्रह क्षितिजावर सुमारे ६१ अंश उंच आणि उत्तरेपासून सुमारे १२८ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला पण जरा पूर्वेकडे सरकून आहे. इतका उंच असल्यामुळे शेजारचं झाड अगदी जवळ असल्याशिवाय आड येत नाही. झाडावर खापर फोडण्याआधी एफ कनेक्टर बघा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात केयू बँडचा, म्हणजे या डिशवर येणाऱ्या लहरींचा, सिग्नल मोठ्या सरीला जाणारच. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० ची डिश लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, साडेतीन डेसिबल हाती लागतात. मध्यम पाऊस त्यात निभावतो, ढगफुटी नाही. रेकॉर्डिंगमध्ये चौकोन पडत असतील तर एक सोपी परीक्षा: थेट बघतानाही पडत असतील तर सिग्नल, थेट स्वच्छ आणि रेकॉर्डिंगमध्येच पडत असतील तर डिस्क किंवा तिची वायर.

एवढं सगळं तपासून झाल्यावर जे उरतं ते खरोखर फर्मवेअरचं. पडदा गोठतो, हिरव्या रंगावर इंग्रजी मजकूर येतो, आणि बॉक्स परत सुरू होतो. प्रत्येक वेळी एक क्रॅश लॉग लिहिला जातो. इमेजप्रमाणे तो डिस्कवर किंवा रूटच्या होम फोल्डरातल्या लॉग्जमध्ये सापडतो. वरची पानं सोडून थेट शेवटाकडे जा आणि ‘ट्रेसबॅक’ शोधा. त्याखालच्या फाइलींच्या मार्गात ‘प्लगइन्स’, ‘एक्स्टेन्शन्स’ आणि पुढे एखादं नाव दिसलं तर दोषी तेच. ‘बॅड मॅजिक नंबर’ दिसलं तर प्लगइन पायथन २ साठी बनवलेलं आहे आणि इमेज पायथन ३ वर गेलेली आहे. ओपनएटीव्हीची सातवी मालिका पायथन ३ वर आहे, त्याआधीची २ वर होती. जुन्या डिस्कवरून जपून ठेवलेली पॅकेजेस नव्या इमेजवर चढवली की हे होतंच. इनिट ४, त्या प्लगइनचं फोल्डर बाहेर हलवा, इनिट ३ देऊन एनिग्मा परत सुरू करा. क्रॅश थांबले तर काम झालं. अपडेट करतानाही असंच: मेनू चालू ठेवून करण्यापेक्षा इनिट ४ देऊन ओपीकेजी अपडेट, मग ओपीकेजी अपग्रेड, मग रिबूट. चालत्या मेनूच्या पायाखालच्या फाइली बदलू नयेत. आणि लाईटचा भरवसा नसलेल्या दिवशी अपडेटला हातच लावू नये.

शेवटी फ्लॅश करावंच लागलं, तर आधी डिस्कवर तीन गोष्टी कॉपी करून घ्या: क्रॅश लॉग, डीमेसेजचा मजकूर आणि ईटीसीतलं एनिग्मा-२ हे सगळं फोल्डर. पेन ड्राइव्ह लहान आणि साधा घ्या, एफएटी-३२ केलेला. झिप उघडल्यावर बॉक्सच्या नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हच्या मुळाशी यायला हवं. फोल्डरच्या आत फोल्डर झालं तर बॉक्सला ते दिसत नाही आणि तो जुन्याच इमेजवर सुरू होतो. अनेक झिपमध्ये ‘नोफोर्स’ नावाची फाइल असते, तिचं नाव ‘फोर्स’ करावं लागतं. मॉडेलच्या नावातलं एक अक्षरही महत्त्वाचं. शेजारच्या मॉडेलची इमेज चालत नाही. बाजारात नकली बॉक्सही फिरतात, त्यांच्यावर अस्सल इमेज टाकली की ते कायमचे आडवे होऊ शकतात, म्हणून जुना बॉक्स विकत घेताना ही चौकशी आधी करावी. फ्लॅश झाल्यावर जुनं सेटिंग जसंच्या तसं परत टाकू नये, विशेषतः इमेज दुसऱ्या जातीची असेल तर. फक्त वाहिन्यांच्या याद्या आणि लॅमेडीबी ही वाहिन्यांच्या पत्त्यांची फाइल परत घ्या; टाइम झोन, एनटीपी, एलएनबी हातानं भरा. रोगासकट सेटिंग परत आणलं तर फ्लॅश करून मिळालं काय?

राहता राहिलं लाईट गेल्यामुळे अर्धवट तुटलेलं रेकॉर्डिंग. ते पुसून टाकू नका. रेकॉर्डिंगची टीएस फाइल १८८ बाइटच्या तुकड्यांची माळ असते; तिला शेवटी शिक्का लागत नाही, म्हणून जिथं तुटली तिथपर्यंत ती चालते. बिघडतात त्या तिच्याबरोबरच्या छोट्या फाइली: एपी आणि एससी. त्या अर्धवट राहिल्या की नाटक सुरू होतं, पण पुढे-मागे करता येत नाही, लांबी चुकीची दिसते. एपी-एससी नव्यानं बांधणारं ‘रीकन्स्ट्रक्ट’ नावाचं प्लगइन बहुतेक इमेजच्या सर्व्हरवर असतं. रेकॉर्डिंगांच्या यादीत ती फाइल निवडायची, मेनूतून ते चालवायचं, आणि टीएस पूर्ण वाचून होईपर्यंत बॉक्सला दुसरं काम द्यायचं नाही. संगणकावर नेताना टीएसबरोबर मेटा आणि ईआयटी या फाइलीही न्याव्यात. नाटकाचं नाव, वाहिनी आणि तारीख मेटामध्ये असते, कार्यक्रमाचं वर्णन ईआयटीमध्ये. परत डिस्कवर आणताना त्या सोबत असल्या तर यादीत सगळं जसंच्या तसं दिसतं.